मालकांची पाकिटं

मित्रांनो, मी एक जुनी टपालपेटी आहे. पेटी पत्र्याची आणि पोटात पत्रं, एवढाच काय तो माझ्या जन्मातला विनोद. एका कपाटवाल्याने उरल्यासुरल्या पत्र्यातून मला ठोकून काढलं आणि तिसऱ्या मजल्यावर एका दाराशेजारी आवळून बसवलं. "ऐसपैस आहे हो!" असं पोस्टमन म्हणाला होता. त्यानंतर कौतुक नाही.

पुढे मालकांनी घर भाड्याने दिलं. भाडेकरू ताई शाळांचे गणवेश शिवत. सोबत अंथरुणाला खिळलेले त्यांचे वडील. किल्ली देताना मालक म्हणाले, "ताई, बँकेची पाकिटं माझी हं. तशीच ठेवा, भाडं घ्यायला आलो की नेईन."

"छे हो काका, दुसऱ्याचं पत्र मी कशाला उघडू?"

मला हसू आलं. पाकिटांच्या खिडकीतून लाल अक्षरं मला दिसत. मालकांनी घर गहाण टाकलं होतं आणि हप्ते केव्हाचे थकले होते. मला बोलता येत नाही. येत असतं, तरी बोलले असते असं नाही.

ताई धूळ पुसून पाकिटं दाराजवळच्या चिमट्याला लावत. "तुमच्यासारखी माणसं मिळत नाहीत," मालक म्हणत, आणि ते अगदी मनापासून म्हणत.

एकदा बँकेचं तसंच पाकीट आलं, पण वर लिहिलं होतं : 'घरात राहणाऱ्यांस'. ताईंनी बँकेचं नाव पाहिलं आणि तेही चिमट्याला लावलं. मालकांनी ते वाचलं, खिशात घातलं आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं. "जरा अडचण आहे, ताई." ताईंनी दिलं.

महिन्याभरात बँकेची माणसं दाराला सील लावायला आली.

"मुदत संपली, मॅडम. तुम्हाला कळवलं होतं."

"मला? मला काहीच आलं नाही!"

"याच पेटीत टाकलंय." त्यांच्यातल्या एकाने माझ्यावर थाप मारली.

मालकांचा फोन बंद होता. वडिलांना खुर्चीत बसवून जिन्याने खाली उतरवलं. "कुठे चाललोय गं आपण?" ते प्रत्येक पायरीला विचारत होते.

मित्रांनो, दुसऱ्याचं पत्र उघडू नये, हे तुम्हाला घरी शिकवलंच असेल. छान आहे. माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल, पण माझ्या पोटातून निघालेल्या प्रत्येक पाकिटावर कुणाचं नाव आहे, ते आधी वाचा. ताईंना वाचता येत होतं. त्यांना सभ्यपणा नडला.