मोजखांबाच्या पायाशी

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुम्ही गळ्याइतक्या पाण्यात एका पायावर उभे आहात. बसायचे नाही, हलायचे नाही, आणि हाकेच्या अंतरावर कुणीही नाही. जमले? मी असा बावीस वर्षे उभा आहे. समुद्राला अरुंद तोंडाने जोडलेल्या एका उथळ सरोवरातला मी जुना मोजखांब.

मोडलेल्या जहाजाच्या तुळईतून एका सुताराने मला घडवले. अंगावर आकडे रंगवताना तो म्हणाला होता, "आता सरळ राहा रे बाबा. तू वाकलास तर पाणीच वाकडं दिसेल लोकांना."

माझ्या सरोवरात एकीकडून नदीचे गोडे पाणी येते, दुसरीकडून समुद्राचे खारे. दोन्हींचे प्रमाण राखले गेले, की माझ्या पायाला चिकटलेली कालवे, म्हणजे शिंपल्यातले ते मऊ जीव, सुखात राहतात. गोडे पाणी फार वाढले तरी ती मरतात, फार आटले तरी मरतात. म्हणून दर गुरुवारी मोजणीच्या बाई होडीतून यायच्या आणि वजन बांधलेली बाटली थेट तळापर्यंत सोडायच्या. गोडे पाणी हलके, ते वर तरंगते. खारे खाली बसते. "वरवरचं काय, कुणीही सांगेल," त्या मला म्हणायच्या. "तुझ्या पायाशी काय चाललंय ते सांग." असे विचारणाऱ्या त्या एकट्याच.

त्या निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी माझ्यावर हात ठेवून बराच वेळ बसल्या. मग माझ्या डोक्यावर पाण्याचा खारेपणा मोजणारी एक पेटी बसली. यंत्रवाल्या काकांनी तिची वायर हातभरच पाण्यात सोडली आणि उरलेली गुंडाळून माझ्या खिळ्याला बांधली. "खोल सोडली की शेवाळ धरतं. दरवेळी कोण ओढून पुसत बसणार?" पेटी आपले आकडे आपणच कचेरीत पाठवू लागली. मग होडी कशाला येईल? सहा वर्षे गुरुवार नुसतेच येऊन गेले.

पुढे नदीवरच्या बंधाऱ्याचे दरवाजे बंद झाले. जे थोडे गोडे पाणी झिरपत येई, ते वर पातळ सायीसारखे पसरे, आणि पेटी तेवढेच चाखे. खाली खारे पाणी माझ्या छातीपर्यंत चढले. त्याच्याबरोबर समुद्राकडच्या गोगलगायी आल्या. शिंपल्याला सुईएवढे भोक पाडून त्या आतला जीव खातात. माझ्या अंगावरचा एकेक शिंपला रिकामा होत गेला. मला सगळे कळत होते, पण सांगणार कोणाला?

एका सकाळी कालवे काढणारी आजी, तिची नात आणि यंत्रवाले काका एकाच होडीतून आले. दुसऱ्या दिवशी बंधाऱ्याच्या कचेरीत बैठक होती. सरोवर खारे झाल्याचा पुरावा नसेल, तर दरवाजे वर्षभर बंदच राहणार होते, आणि तेवढ्यात आजीची कालवे संपली असती.

"मावशी, आकडा आठ आहे," काका म्हणाले. "लिटरला आठ ग्रॅम मीठ. पाणी झकास आहे. तुम्हीच जास्त काढलीत कालवं."

"हो ना! आणि ही भोकंही मीच पाडली, दातांनी," आजी कडाडली. "दात तरी उरलेत का माझे?"

नात हसली नाही. ती माझ्या अंगावरचे शिंपले चाचपत होती. चाचपता चाचपता तिचा हात गुंडाळीला लागला.

"काका, एवढी वायर कशाला ठेवलीय?"

"ती होय? खोल सोडायला."

"मग सोडा ना."

काका घुटमळले. मग त्यांनी बाह्या सारल्या आणि गाठ सोडली. वायर खाली खाली जात पार माझ्या पायाशी टेकली. पेटीवरचा आकडा हलू लागला. बारा. वीस. एकतीस, म्हणजे जवळजवळ समुद्रच.

"अरे देवा," काका पुटपुटले. "इतकी वर्षं मी..."

मित्रांनो, मोजायला उभे केलेल्यांना नुसते उभे करून विसरू नका. अधूनमधून या, वाकून बघा. आमच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. विचारावे मात्र तुम्हालाच लागते.

काकांनी वहीत '३१' लिहिले आणि वही मिटली. आजीने वल्हे उचलले. तेवढ्यात नातीने ती वही त्यांच्या हातातून ओढून घेतली, पुन्हा उघडली आणि एकतीसच्या पुढे ठळक अक्षरांत लिहिले, 'तळाशी'.