अळणी पाव

बेबीमावशीचं वय बासष्ट, तरी सगळ्या गल्लीची ती बेबीच. त्या गुरुवारी मात्र ती खरोखरच लहान पोरीसारखी हट्टाला पेटली होती. सकाळी भाजलेले बारा मोठे पाव दोन पिशव्यांत भरून, दोन्ही खांदे मोडून घेत तिने मोफत अन्नकेंद्रावर आणले, आणि तिथल्या बाईने ते टेबलावरून परत तिच्याकडे सरकवले.

या बाईला सगळे यादीबाई म्हणत. हातात यादी नाही असा तिचा फोटोसुद्धा नसेल.

"घरी केलेल्या वस्तूवर आजपासून चिठ्ठी लागणार," यादीबाई म्हणाली. "आत काय घातलंय, कधी केलंय, आणि करणाऱ्याचं नाव नि फोन."

"पहिल्या दोन गोष्टी लिहिते. नाव कशाला?"

"उद्या कुणाच्या पोटात दुखलं तर विचारायचं कुणाला?"

"दोन वर्षांत दुखलं का कुणाच्या?"

"दुखलं नाही. पण पाव अळणी असतो ही तक्रार दर आठवड्याला आहे. जरा मीठ घालत जा की, मावशी."

मावशीने पाव पुन्हा पिशवीत भरायला घेतले. आता हिला काय सांगायचं, कपाळ?

सांगण्यासारखं होतं ते असं. मावशीची थोरली बहीण, ताई, याच केंद्रावर दर गुरुवारी रांगेत असायची. आई गेल्यावर धाकटीला तिनेच वाढवलं, शिकवलं. पुढे ताईचा शिवणाचा कारखाना बंद पडला, तेव्हा चार पाहुण्यांसमोर जेवता जेवता मावशी बोलून गेली, "काळजी कशाला करतेस, तुला पोसायला मी आहे ना." जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं नाही. ताई हात धुऊन उठली ती पुन्हा त्या घराची पायरी चढली नाही. मावशीने पाठवलेला डबा दारातूनच परत यायचा. केंद्रावरचं मात्र ती घ्यायची, कारण ते सगळ्यांना मिळतं, त्यात कुणाचे उपकार नाहीत.

आणि ताईला रक्तदाब. डॉक्टरांनी मीठ तोडलेलं. बारातला कुठला पाव तिच्या पिशवीत जाईल ते देवाला ठाऊक, म्हणून मावशी बाराच्या बारा अळणी भाजायची. आता चिठ्ठीवर धाकटीचं नाव दिसलं की ताई पाव खाली ठेवणार, हे मावशीला लख्ख दिसत होतं.

त्या दिवशी पाव परत आले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी खाल्ले आणि वर मीठ विसरलीस का म्हणून विचारलं.

पुढच्या गुरुवारी मावशीने शक्कल लढवली. चिठ्ठ्यांवर खालच्या मजल्यावरच्या घड्याळदुरुस्तीवाल्याचं नाव आणि फोन लिहिला. त्याला सांगायचं तेवढं राहून गेलं. यादीबाई कसली सोडते, तिने तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून तो म्हणाला, "पाव? बाई, मला चहासुद्धा धड जमत नाही." बारा पाव पुन्हा घरी.

"त्या रांगेतल्या निळ्या पिशवीवाल्या आजी तुमचाच पाव मागतात," यादीबाई वैतागून म्हणाली. "दोन आठवडे त्यांना दुकानातला खारट पाव द्यावा लागतोय. एवढं काय अडलंय तुमचं नावापाशी?"

निळी पिशवी ताईची.  मावशीला नियम करणाऱ्यांचा राग आला, यादीबाईचा आला, सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या एका वाक्याचा आला. नाव घातलं तर ताई घेणार नाही, आणि न घातलं तर मीठ खाणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

तिसऱ्या गुरुवारी तिने बाराही चिठ्ठ्यांवर स्वतःचं नाव लिहिलं, इतकं दाबून की पेन कागदातून आरपार गेलं. पाव टेबलावर मांडले आणि ती मागच्या कोठीच्या पडद्याआड जाऊन उभी राहिली.

ताई आली. वाळली होती. तिने पाव उचलला, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, चिठ्ठी वाचली आणि पाव खाली ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला. मावशीने पडदा मुठीत धरला.

"सगळे एकीचेच आहेत, आजी," यादीबाई म्हणाली. "ओळखता का यांना?"

"ओळखते म्हणजे? मीच वाढवलीय." ताईने पहिला पाव परत उचलून पिशवीत टाकला. "पहिल्या घासालाच कळलं होतं. दुसरं कोण एवढं शहाणं, की बाराच्या बारा अळणी भाजेल?"

"मग दोन वर्षं बोलला नाहीत?"

"तिने सांगितलं का कधी?" ताई पडद्याच्या दिशेने बघत, जरा मोठ्याने म्हणाली. पडद्याखालून मावशीच्या चपला दिसत होत्या, पंधरा वर्षांपूर्वी ताईनेच घेऊन दिलेल्या. "तिला म्हणावं, माझ्यापायी बाकीच्या अकरा घरांना शिक्षा नको. त्यांच्यात मीठ घाल. माझ्या एकावर खूण कर, मी बरोबर तोच उचलीन."

आणि ती गेली. पडदा काही तिने सरकवला नाही.

मावशी घरी आली ती भांडी आपटतच. दोन वर्षं. दोन वर्षं हिला ठाऊक होतं, आणि आपण इकडे चोरासारखे पाव पोचवतोय, लोकांची बोलणी खातोय. असली कसली माणसं असतात, म्हणत ती भिंतीशी भांडली, आणि मग मटकन बसून पोटभर रडली.

पुढच्या गुरुवारी अकरा पावांत मीठ पडलं. बाराव्यावर, भट्टीत घालण्याआधी, तिने ब्लेडने एक आडवी रेघ ओढली. राग अजून होताच, त्यामुळे ती जरा जास्तच खोल गेली.