शेवटी बांधायचा, आधी सोडायचा

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा पट्टा आहे आणि जड असणे हाच माझा धंदा आहे. समुद्रात बुडी मारणारी माणसे गार पाण्यात उतरताना अंगात जाड रबरी सूट घालतात. तो सूट ऊब देतो खरा, पण माणसाला बुचासारखा वर तरंगवत ठेवतो. मग खाली जायचे कसे? त्यासाठी कमरेला शिशाच्या वड्या ओवलेला पट्टा बांधतात. तो मी. हवेची टाकी श्वास पुरवते, डोळ्यांवरची काच वाट दाखवते, पायातले पंख पुढे नेतात, आणि मी नुसता खाली ओढतो. असले काम करणाऱ्याने आपले चरित्र सांगू नये असे कोणाला वाटेल. मलाही पुष्कळ दिवस तसेच वाटत होते.

माझा जन्म एका घराच्या मागच्या अंगणात झाला. त्या घरातला माणूस बंदरात पाणबुड्याचे काम करी. बोटींच्या तळाचा शिंपल्यांचा थर खरवडायचा, पंख्यात अडकलेले दोर कापायचे, बुडालेली अडगळ वर काढायची, ही त्याची रोजची कामे. सगळे बंदर त्याला बुडीमास्तर म्हणत असे. फाटक्या जाळ्यांची शिशाची वजने त्याला तळाशी सापडत. ती त्याने साठवली, एका जुन्या कढईत वितळवली आणि साच्यात ओतली. त्याची बायको दारात उभी राहून बघत होती. "ती कढई परत स्वयंपाकघरात आणलीत, तर तुम्हालाच तिच्यात उकळीन," ती म्हणाली. पण माझे जाड कापड शिवायला तीच बसली. दुहेरी टाका घातला, दोरा दातांनी तोडला आणि मला ओढून बघितले. मी उसवलो नाही.

बुडीमास्तरांबरोबर मी कितीतरी वर्षे पाण्यात गेलो. नवी पोरे कामावर आली की ते मला उचलून दाखवत आणि सांगत, "पट्टा सगळ्यात शेवटी बांधायचा आणि सगळ्यात आधी सोडायचा. बाकी सगळ्याच्या वरून असला पाहिजे. जीव घाबरला, की उजव्या हाताने बक्कल उघडायचं आणि टाकून द्यायचा. पट्टा दुसरा मिळतो." मला हे बोलणे आवडत नसे. इतकी चाकरी करायची आणि टाकून देण्याच्या गोष्टी ऐकायच्या! पण मास्तरांनी मला कधी टाकले नाही, आणि त्यामुळे माझ्या अंगावर मूठभर मांस चढत असे.

पुढे त्यांची बायको आजारपणात गेली. मास्तरांनीही पाणी सोडले आणि मागच्या खोलीत दुरुस्तीचे काम मांडले. कोणाची नळी गळते, कोणाच्या हवा भरून तरंगवणाऱ्या जाकिटाची झडप बसत नाही, सगळे त्यांच्याकडे येत. त्यांची एकुलती एक मुलगी पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवते. ते तिला मासोळी म्हणतात. ती हौसेने समुद्रात उतरू लागली, तेव्हा मास्तरांनी माझे बक्कल झिजले म्हणून नवे बसवले, स्वतः कानस मारून गुळगुळीत केले आणि मला तिच्या हातात दिले. "ह्यात तुझ्या आईचा टाका आहे," ते म्हणाले. "हरवायचा नाही हं, मासोळी."

प्रेमाने बोललेले शब्द होते ते. त्या शब्दांनी माझे वजन वाढले, हे मात्र कोणाच्या लक्षात आले नाही. मला तर उलट अभिमान वाटला.

आता जे सांगायचे ते सांगताना अजून माझा जीव कसनुसा होतो. गेल्या वर्षी हंगामाच्या अखेरीस मासोळी आणि तिचा नवरा समुद्रात उतरली होती. वर आली तेव्हा वारा उठला होता. लाटा तोंडावर फुटत होत्या. तिच्या पोटरीत गोळा आला, टाकीतली हवा संपत आलेली, त्यामुळे जाकीट फुगेना. नवरा लांबून ओरडला, "पट्टा सोड, पट्टा." तिचा उजवा हात माझ्या बक्कलवर आला. बोटे त्याच्या कडेखाली गेली. आता मी सुटणार असे मला वाटले, आणि तेवढ्यात तिचा अंगठा माझ्या कापडावर, त्या दुहेरी टाक्यावर पडला. तिथेच तो थांबला.

तिने मला सोडले नाही. मी मात्र माझे काम चोख करत राहिलो. ती वर येऊ बघत होती आणि मी तिला खाली ओढत होतो. मला दुसरे काही येतच नाही, मित्रांनो. नवऱ्याने तिला काखेत धरले, बोटीवरच्यांनी दोर फेकला, म्हणून ती वाचली. छातीत पाणी गेले होते. तिला दवाखान्यात ठेवावे लागले.

मास्तर धावत आले. पलंगाशेजारी बसले, तिचा हात हातात घेतला आणि विचारले, "पट्टा का नाही गं टाकलास?"

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितले. खरे सांगावे, तर यांच्याच शब्दामुळे आपण बुडत होतो असे होईल. म्हातारा मनाला लावून घेईल. म्हणून ती म्हणाली, "बक्कल अडकलं, बाबा."

चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ना, तसे झाले. मी कोपऱ्यातल्या पिशवीत पडलो होतो. माझ्यावर खोटा आळ आला म्हणून मी मनातून धुमसलो. पण मूग गिळून बसण्याखेरीज माझ्या हातात काय होते? मला हात तरी कुठे आहेत.

माझा राग फार दिवस टिकला नाही. मास्तरांनी मला घरी नेले आणि मागच्या खोलीत खिळ्याला टांगले. रोज सकाळचा चहा झाला की ते मला खाली काढत आणि बक्कल उघडझाप करून बघत. ते कधीच अडकले नाही. त्यांनी मला खाऱ्या पाण्यात भिजवले, वाळूत लोळवले, हातमोजे घालून ओढून पाहिले. बक्कल टक्कन उघडायचे. "मग त्या दिवशीच का अडकलं?" ते मलाच विचारायचे. माणूस स्वतःला शिक्षा देत असताना त्याच्या हातात लटकून राहण्यासारखे वाईट काही नाही.

हळूहळू त्यांनी दुरुस्तीची कामे घेणे बंद केले. बंदरातला जुना सोबती आपली झडप घेऊन आला, तर त्याला दारातूनच परत पाठवले. "माझ्या हाताचा भरवसा नाही राहिला आता," ते म्हणाले. कानस, पकडी, पाने सगळे एका पेटीत गेले आणि पेटी पलंगाखाली. मासोळी दर रविवारी येई. ती पेटी तिला दिसे. मास्तरांच्या रिकाम्या मेजाकडे ती बघे, सांगायला म्हणून तोंड उघडत असे आणि म्हणे, "बाबा, चहा टाकू का?" खाई त्याला खवखवे. खिळ्यावरच्या माझ्याकडे तर ती बघतच नसे.

वर्ष असेच गेले. मग एका रविवारी जावई गुंडाळलेला नकाशा काखेत मारून आला. पाणी आता गार झाले होते, आणि गार पाणी म्हणजे स्वच्छ पाणी. दोन दिवसांची छोटीशी सहल त्याने मनात आखली होती. खडकांच्या आडचे शांत पाणी, तळाशी शेवाळाचे रान, मधून हिंडणारे मोठे मासे. त्याने नकाशा मेजावर पसरला. कोपरे सारखे गुंडाळले जात होते, म्हणून एका कोपऱ्यावर कप ठेवला, दुसऱ्यावर साखरेचा डबा, आणि तिसऱ्यावर खिळ्यावरून काढून मला. म्हणून तर पुढचे सगळे मी जवळून पाहिले.

"भरती सकाळी आहे, म्हणजे पहिली बुडी नाश्त्याआधी," जावई सांगत होता. "जाड सूट, टोपी, हातमोजे. वर आल्यावर प्यायला गरम काहीतरी. हिचे दात इतके वाजतात, की मासे पळून जातात."

"तुझे नाही वाजत वाटतं," मासोळी म्हणाली. पण तिचे लक्ष वडिलांकडे होते.

"बाबा, एवढं सांगा. सूट जाड झाला, म्हणजे शिसं किती वाढवायचं?" जावयाने विचारले.

असल्या प्रश्नाला मास्तर पूर्वी माणसाकडे एकदा नजर टाकून उत्तर देत, आणि ते कधी चुकत नसे. आता ते कपातल्या चहाकडे बघत राहिले. "दुकानात विचारा, जावईबापू," ते म्हणाले. मग उठून आत गेले आणि एक कोरा पट्टा घेऊन आले. त्याचा नवेपणाचा वास अजून गेला नव्हता. त्यांनी तो लेकीपुढे ठेवला.

"हा घाल. ह्याचं बक्कल कंपनीचं आहे, माझं नाही. जा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि नको म्हणायला तोंड राहिलेलं नाही. निदान माझ्या हातचं काही अंगावर नको."

मासोळीचा चेहरा पडला. तिने हात पुढे केला, नव्या पट्ट्याकडे नाही, माझ्याकडे. तिने माझे बक्कल उघडले, लावले, पुन्हा उघडले.

"बाबा," ती म्हणाली, "हे अडकलं नव्हतं."

"काय?"

"त्या दिवशी. हे अडकलं नव्हतं. मीच सोडलं नाही. हात आईच्या टाक्यावर पडला आणि मला तुमचं बोलणं आठवलं, हरवायचा नाही म्हणून. मला वाटलं, अजून एक लाट काढू, अजून एक. मुलांना रोज शिकवते, की जड असेल ते आधी सोडा, आणि मी..."

जावई नकाशावर बोट ठेवून तसाच बसून राहिला. त्यालाही हे नवे होते.

"आणि मला सांगितलंस की अडकलं," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला लागेल म्हणून."

"लागेल म्हणून." त्यांचा आवाज चढला नाही, त्यानेच मला जास्त भीती वाटली. "अगं, वर्षभर मी स्वतःच्या हातांकडे बघत नाही. जेवताना घास उचलतो तेव्हासुद्धा वाटतं, ह्याच हातांनी पोरीला बुडवलं होतं. कोणाचं काम घेतलं नाही. एकदा तरी सांगायचंस."

"दर रविवारी सांगायला यायचे, बाबा. आणि चहा करून जायचे."

ते उठून निघून जातील असे मला वाटले. पण त्यांनी मला तिच्या हातातून घेतले आणि टाक्यावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे बक्कल चांगलं होतं," ते म्हणाले. "माझं बोलणंच जड होतं. साऱ्या पोरांना सांगितलं टाका म्हणून, आणि स्वतःच्या पोरीला सांगितलं जपून ठेव." त्यांनी डोळे पुसले. मग लेकीकडे एकदा नजर टाकली, वरपासून खालपर्यंत. "दोन वड्या वाढव. जावईबापूंना तीन लागतील, त्यांचं पोट सुटलंय. आणि मी येतोय. बोटीवर बसेन."

त्याच दुपारी पेटी पलंगाखालून बाहेर आली. मेजावर कानस ठेवल्याचा आवाज ऐकून मला किती बरे वाटले, ते सांगता येणार नाही.

ठरल्याप्रमाणे आम्ही गेलो. खडकांच्या आड बोट नांगरली. पाणी इतके गार होते, की हात घातला तर बोटे दुखावीत. मासोळी नवा पट्टा उचलू लागली, तेव्हा मास्तर म्हणाले, "आधी जुना बांध." तिने मला बांधले, सगळ्यात शेवटी, सगळ्याच्या वरून, आणि उडी मारली. जाकीट फुगवून ती बोटीला लागून तरंगू लागली. मास्तर काठावरून वाकले.

"आता टाक."

"बाबा, इथे खोल आहे."

"माहीत आहे."

"परत मिळेल न मिळेल."

"आयुष्यभर समुद्रातून लोकांची अडगळ काढली मी. एकदा माझी टाकली, तर तो काही रागावणार नाही. टाक."

तिचा हात बक्कलवर आला. अंगठा पुन्हा टाक्यावर पडला आणि पुन्हा थांबला. तिचे दात वाजत होते, आणि ते केवळ गारठ्याने नव्हे.

"मासोळी," मास्तर हळू बोलले, "तुझी आई तिथे असती, तर तिनेच तो सोडला असता."

टक्कन बक्कल उघडले. तिने मला अंगापासून दूर धरले आणि हात मोकळा केला. मी निघालो. वरून मास्तरांचा आवाज शेवटचा कानी आला. ते स्वतःशीच म्हणत होते, "उघडलं. उघडतं ते."

मी शेवाळाच्या रानात, वाळूवर येऊन पडलो. काही वेळाने वरून बुडबुडे दिसले. नवा पट्टा बांधून मासोळी खाली येत होती, मागून तिचा नवरा. तिने मला पाहिले. नवऱ्याने मला उचलू का, अशी खूण केली. ती माझ्याजवळ आली, हातमोजा काढला आणि त्या गार पाण्यात उघड्या बोटांनी आईच्या टाक्यावर हात ठेवला. मग मान हलवून नको म्हणाली, मोजा घातला आणि पुढे निघून गेली. मी तिला आयुष्यात प्रथमच इतकी हलकी पोहताना पाहिले.

मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, टाकून देऊ नका. माझे मागणे उलटे आहे. वस्तू जपा, पण त्यांचे बक्कल उघडून बघत जा. आणि कोणाला लागू नये म्हणून खोटे बोलला असाल, तर आज घरी जाऊन खरे सांगा. ते माणूस कदाचित रोज सकाळी एकटे बसून तुमचे ओझे उघडझाप करत असेल. माझे म्हणाल, तर माझ्या कापडाखाली एका खेकड्याने बिऱ्हाड केले आहे आणि आमचे बरे चालले आहे. कधी इकडे बुडी मारलीत आणि मी दिसलो, तर बघा आणि पुढे जा. मला उचलू नका. मी फार जड आहे.