मऊ जमिनीचा घोडा

दातांचे डॉक्टर आणि त्यांचा मेहुणा यांचं अकरा वर्षांत एकाही घोड्यावर एकमत झालं नव्हतं. डॉक्टर घोड्याचे आईबाप बघायचे, मेहुणा जमीन बघायचा. तो मोजणी खात्यात होता. जन्मभर लोकांच्या हद्दी मोजून जमीन आपल्याला जेवढी कळते तेवढी गांडुळालाही कळत नाही, अशी त्याची पक्की समजूत झाली होती.

शुक्रवारी दुपारी तो दवाखान्यात येऊन बसला. दाताची काही तक्रार नव्हती, हातात रेसबुक होतं. रविवारी मोसमातली मोठी शर्यत होती, सपाट ट्रॅकवर एक मैल, आठ घोडे. त्याची ताई, म्हणजे डॉक्टरांची बायको, टेबलामागे बसून पेशंटांना नंबर देत होती.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग त्या खुर्चीवरून ऊठ. ती दुखणाऱ्यांची आहे."

तेवढ्यात डॉक्टर हातमोज्यांसकट बाहेर डोकावले. "झुळूक! डोळे मिटून झुळूक. तिची आई पहिली, मावशी पहिली."

"दाजी, मावशी नाही पळणार रविवारी," मेहुणा म्हणाला. "झुळूक हलकी घोडी. जमीन कडक असेल तर ठीक, नाहीतर पाय रुतवून बसेल. मी कर्णधार म्हणतो. जॉकी डोक्याने शांत आहे."

"शांत कसला, गेल्या वेळी झोपलाच होता!"

"आणि ट्रॅकवर पाणी मारलं असेल तर दोघंही गेले. मग तो भारदस्त. चिखल दिसला की त्याच्या अंगात येतं."

भारदस्तवर मात्र कुणीच पैसे लावत नव्हतं. गेला महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. सगळा प्रश्न पाण्याच्या टँकरचा होता, आणि त्याचं उत्तर रविवारी सकाळी रेसकोर्सच्या फळ्यावर लागेपर्यंत कुणाला मिळणार नव्हतं.

अशा वेळी दारातून गालाला रुमाल बांधलेला एक माणूस आत आला. डॉक्टरांनी त्याला ओळखलं. रेसकोर्सवर गवत कापणारा, पाणी मारणारा, टोकदार सळई खुपसून ती जमिनीत किती आत जाते ते मोजणारा तो ट्रॅकवाला होता.

"या, या!" डॉक्टर म्हणाले. दाढ काढायला आलेल्या माणसाचं इतकं प्रेमाने स्वागत आजवर झालं नसेल. नंबरात पुढे असलेल्या आजोबांनी कुरकुर केली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "तुमचं दुखणं जुनं आहे, त्याला दहा मिनिटांनी काही होत नाही."

आत खुर्चीत बसवल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग? ट्रॅक काय म्हणतोय?"

"फळ्यावर लागेल, साहेब. आधी बोललो तर नोकरी जाईल."

"अगदी बरोबर. आ करा." इंजेक्शन देऊन झाल्यावर ते खाली वाकले. "बोलू नका. पाणी मारलं असेल तर नुसते डोळे मिटा."

त्याच क्षणी त्यांनी पक्कड उचलली आणि ट्रॅकवाल्याने डोळे घट्ट मिटले. पण पक्कड बघून सगळेच डोळे मिटतात, हे डॉक्टरांना वीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. त्यांनी तो पुरावा धरला नाही.

दाढ निघाली. ट्रॅकवाला कापसाचा बोळा चावत बाहेर आला. ताईने काय खायचं, काय टाळायचं याचा छापील कागद त्याच्या हातात ठेवला आणि वाजणारा फोन उचलला. तो कागद बघत, सुन्न ओठांनी पुटपुटत दाराकडे निघाला. "मऊत... लविवालपल्यंत मऊत..."

मेहुणा ताडकन उठला आणि दार न वाजवता आत घुसला. आता आजोबा आ वासून बसले होते.

"दाजी! बोलला! मऊच, रविवारपर्यंत मऊच!"

"त्याने सांगितलं?"

"वेदनेत माणूस खोटं बोलत नाही!"

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. झुळूकची आई, मावशी, सगळं खानदान त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. मग त्यांनी हातमोजा काढून मेहुण्याचा हात हातात घेतला. "भारदस्त," ते म्हणाले.

"भारदस्त," मेहुणा म्हणाला. आजोबांनीही मान डोलावली, कारण तोंड मिटायची परवानगी त्यांना अजून मिळाली नव्हती.

रविवारी फळा बघून सगळेच भारदस्तवर पैसे लावतील आणि त्याचा भाव उतरेल म्हणून दोघांनी शनिवारीच पैसे लावून टाकले. त्या संध्याकाळी ते घरात एकमेकांना चहाचा कप पुढे करत होते. ताईने दोघांच्याही कपाळाला हात लावून पाहिला.

रविवारी तिघं रेसकोर्सवर पोचले तेव्हा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'जमीन कडक'. पहिल्याच शर्यतीत घोड्यांमागे धुळीचा लोट उठला. मेहुण्याने कुंपणाजवळची माती बोटाने दाबली आणि बोट चोळत बसला.

ट्रॅकवाला समोरूनच येत होता. सूज उतरली होती. "डॉक्टरसाहेब, हात हलका आहे तुमचा!"

"अहो, तुम्ही मऊ म्हणालात ना?" मेहुणा ओरडला.

"मी? कधी?"

"शुक्रवारी! दारात!"

ट्रॅकवाल्याने गाल चोळला. "ते कागदावरचं वाचत होतो. रविवारपर्यंत मऊच खायचं, असं लिहिलंय."

ताईने पदर तोंडाला लावला. मग जी हसायला लागली ती कुंपणाला धरूनच उभी राहिली. "अहो, वीस वर्षं हाच कागद देतोय आपण! मजकूर तुम्हीच लिहून दिलाय, मी फक्त रिकाम्या जागेत वार भरते!"

तेवढ्यात मोठी शर्यत सुटली.

पहिले दोन फर्लांग भारदस्त चक्क पुढे होता. दोघं सगळं विसरले. "चल रे माझ्या राजा!" डॉक्टर किंचाळले. मेहुण्याने त्यांच्या गळ्यात हात टाकला आणि दोघं एका सुरात, एका घोड्यासाठी, एकाच ठिकाणी उड्या मारू लागले. मग वळणावर भारदस्तला जमीन कडक असल्याचं कळलं असावं. त्याने फळा वाचल्यासारखा वेग कमी केला आणि बाकीच्यांना सभ्यपणे वाट दिली. झुळूक पहिली आली. कर्णधार मानेच्या अंतराने दुसरा. भारदस्त सातवा, आणि तोसुद्धा आठव्याचा जॉकी पडला म्हणून.

परतताना गाडी ताईने चालवली. मागच्या सीटवर दोघं दोन खिडक्यांना चिकटून बसले होते.

"मी झुळूकच म्हणत होतो," डॉक्टर शेवटी म्हणाले.

"जमीन कडक असेल तर झुळूक, हे कोण म्हणालं होतं?"

"तू कर्णधार म्हणाला होतास!"

"मानेने हरला, दाजी! फक्त मानेने!"

सिग्नलला गाडी थांबली तरी ते थांबले नव्हते. ताईने काच खाली केली, वारा आत घेतला आणि हिरवा दिवा लागल्यावर जरा लांबच्या रस्त्याने गाडी वळवली.