अवधाननाथांचं कडू तीर्थ

धुळ्यातल्या त्या अभ्यासिकेसमोर सकाळी सातलाच रांग. का, तर अवधाननाथ महाराज आलेले. दोन दिवस चहा-कॉफी सोडायची, तिसऱ्या दिवशी महाराजांचं कडू तीर्थ घ्यायचं, की अर्ध्या तासात पुस्तक डोक्यात चढतं. आणि खोटं कशाला बोला, चढत होतं. दोन दिवस डोकं धरून बसलेली पोरं तीर्थ घेतलं की टवटवीत व्हायची.

"बाळांनो, डोकं दुखतंय ना? शनी निघतोय," महाराज सांगत. शनी कपाळातूनच का निघतो, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

समोरच्या टपरीवर धुरपदाबाईची कॉफी तशीच उकळत राहायची. तिला त्याचं फारसं काही नव्हतं. काळजी होती ती कामिनीची. शिरपूरकडची ही पोर एरवी दिवसाला पाच कप प्यायची. रविवारी तिची तलाठ्याची परीक्षा, वयोमर्यादेतली शेवटची संधी. आणि महाराजांनी फर्मावलेलं, "अकरा दिवस तीर्थ घेतल्याशिवाय परीक्षेला बसाल, तर वाचलेलं सगळं पुसलं जाईल."

तिचा आज कुठे तिसरा दिवस. "मावशी, मी नाही बसत रविवारी," रांगेत कपाळ दाबत ती म्हणाली.

धुरपदाबाईला भयंकर राग आला. तीर्थ घेऊन बाहेर पडणाऱ्या वना नावाच्या पोराला तिने गाठलं. "तुन्हं डोकं दुखनं का रे?"

"नाही बा. मी चहा-कॉफी पीतच नाही. कालच्या तीर्थानं रात्री झोप मात्र लागली नाही."

एवढं बाईला पुरलं. तिने बिनदुधाची कॉफी उकळली, वर तुळस-मिरे टाकले आणि तांब्याच्या पेल्यात घालून आणली. "घे, तीर्थ." कामिनीने डोळे मिटून घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला.

अर्ध्या तासाने ती टपरीवर आली. "डोकं दुखायचं थांबलं, मावशी. गणितं सटासट सुटताहेत. काय शक्ती आहे महाराजांची."

"महाराजनी नही. हाई मन्ही कॉफी शे. त्यासनं तीर्थबी कॉफीच शे."

कामिनी आधी चिडली. मग तिने रिकाम्या पेल्याचा वास घेतला आणि रांगेला ऐकू जाईल असं मोठ्यानं बोलली, "म्हणजे रोजची कॉफी तोडली म्हणून डोकं दुखलं, लक्ष उडालं. तीच परत पाजली, तर आपण होतो तिथे आलो, एवढंच. आपलंच लक्ष आधी काढून घेतलं आणि ते परत देऊन पायावर डोकं ठेवून घेतलं यांनी."

धुरपदाबाईने दोन सारखे पेले मांडले. एकात तिची कॉफी, एकात तीर्थ. "महाराज, आपलं कोणतं ते पोरांसमोर ओळखा." महाराज म्हणाले, श्रद्धेची परीक्षा घेत नसतात. दुपारपर्यंत त्यांचा मुक्काम हलला.

रविवारी नेहमीचा एक कप पिऊन कामिनी पाया पडायला वाकली. बाईने तिला मध्येच धरलं. "अभ्यास तू करेल शे ना? मंग जाय."

ती गेली आणि पेपर पूर्ण सोडवून आली. वाचलेलं एक अक्षर पुसलं गेलं नव्हतं. तेव्हा मंडळी, कुणी काही देऊन तुम्हाला बरं केलं, तर पाया पडण्याआधी एक विचारा, त्याने आधी तुमचं काय बंद केलं होतं.