तीन वाजताची खिडकी

तुम्ही स्क्रू काढून नेलेत, भोकं मात्र इथंच राहिली. खिडकीच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांत चार, प्रत्येकाभोवती गंजाचं तांबूस कडं. आणि खालच्या डावीकडच्या भोकात तर डोकं मोडून बाकीचा स्क्रू आतच अडकलेला—घाईत पिळलं की असं होतं, आणि तुम्हाला घाई होतीच, तपासणीवाले दुसऱ्या दिवशी यायचे होते. खिडकीवर फळी चढवायला तुमच्या माणसांनी अख्खी सकाळ घेतली होती, मधे दोन चहा झाले होते. उतरवायला दहा मिनिटं पुरली. तुम्ही ऑफिसवाल्यांनीच माझ्या जोडीदारणीला मारलंत. हे मी अजून मोठ्यानं म्हटलेलं नाही. मनात रोज तीन वाजता म्हणते, आणि रोज त्या वाक्याची शेपटी धरून दुसरं एक वाक्य आत शिरतं, आणि मग मी गप्प बसते.

हे मनात चालू असताना तिचं बोट त्या मोडक्या स्क्रूवरून फिरत होतं, कातडीत रुतेल इतकं दाबून. खिडकीतून वारा येत होता. चांगला वारा. उन्हाळा उतरणीला लागला होता. महिनोन्‌महिने कढत येणारं नळाचं पाणी आज सकाळी पहिल्यांदा गार लागलं, तिनं ओंजळ भरून तोंडाला लावली, आणि घोट तसाच थुंकून टाकला... कारण बरं वाटलं होतं. हल्ली बरं वाटलेलं तिला सोसत नाही.

"खिडकीतच उभी राहणार का आज?" नवी म्हणाली. "चादरी काय आपापल्या घड्या घालून घेणार?"

नवी म्हणजे तिची नवी जोडीदारीण. लाँड्रीत घडीचं काम जोडीनंच करायचं असतं. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी वाफेच्या रोलरखालून तापून बाहेर पडतात. एकीनं दोन कोपरे धरायचे, दुसरीनं दोन, ताणायची, झटकायची, मधे दुमडायची आणि एकमेकींकडे चालत जायचं, कोपऱ्याला कोपरा, बोटाला बोट. दिवसाला चारशे वेळा. सतरा वर्षं ती अशी ताडबाईकडे चालत गेली होती. ताडबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण ताडमाड उंच बाईला दुसरं काय म्हणणार. आणि ही जेमतेम तिच्या खांद्याला, म्हणून ही 'बारके'. "बारके, हात वर कर, नाहीतर मला कमरेत मोडावं लागतं." नवी हिच्याच उंचीची आहे. तरी हिचे हात अजून वर जातात.

"अगं, खाली धर," नवी म्हणाली. "माझे हात इथं आहेत. वर कोणाला देतेस?"

तिनं हात खाली घेतले.

दुपारच्या सुट्टीत सुपरवायझर कागद वाटून गेला. दर वर्षी उन्हाळा संपताना वाटतात तोच. वर हसरा सूर्य, खाली पाच ओळी: 'या उन्हाळ्यातल्या माझ्या पाच आवडत्या गोष्टी'. तळाला बारीक अक्षरांत, नाव लिहू नये, पाच वाजेपर्यंत जिन्याखालच्या पेटीत टाकावे. यंदासुद्धा! यंदासुद्धा तुम्हाला सूर्य हसराच सापडला.

"मी लिहिते, मला पगार आवडतो," रोलरवाली म्हणाली. "बघू, त्याला पण फळी मारतात का."

हशा पिकला आणि मधेच विझला. सगळ्यांच्या नजरा हिच्याकडे आल्या आणि डब्यांत परत गेल्या—जोडीदारीण हिचीच गेली होती ना.

"मी कोराच देणार," नवी हळूच म्हणाली.

"कोरा दिलास तर म्हणतील, बाईला काहीच आवडत नाही, हिला बाहेर काढा. त्यापेक्षा लिही, सुपरवायझरसाहेबांची मिशी. पाच ओळींत पाच वेळा," रोलरवाली म्हणाली.

त्या हसत होत्या आणि ही कागदाच्या तिसऱ्या ओळीकडे बघत होती. तिसरी ओळ कोरी होती. गेल्या वर्षीची तिसरी ओळ कोरी नव्हती. तेच ते दुसरं वाक्य, रोज शेपटी धरून आत येणारं... 'तीन वाजता खिडकी झाकलेली असली की बरं वाटतं. पांढरं डोळ्यांत घुसत नाही.' ते मी लिहिलंय. माझ्या हातानं, कपड्यांवर खुणा करायच्या निळ्या पेन्सिलीनं. मोठेपणी एकटीनं, चादरींवरच्या वॉर्डांच्या खुणा बघून बघून शिकलेल्या अक्षरात—वाऱ्याविरुद्ध चालणाऱ्या माणसासारखं मागं कललेलं अक्षर.

आणि ते खोटं नव्हतं. तीनला पश्चिमेचं ऊन घडीच्या टेबलावर यायचं, चादरींच्या पांढऱ्यावर आपटून थेट डोळ्यांत. मग ताडबाई धुलाईतून एक ओली चादर आणायची, स्टुलावर न चढता नुसत्या टाचा उंच करून खिडकीवर टाकायची, आणि ती चादर वाऱ्यानं पोट फुगवून आत यायची, परत जायची, जणू खोलीच श्वास घेतेय. अंगावर थंड शिंतोडे यायचे. ताडबाई कड उचलून बाहेर डोकवायची, समोरच्या गच्चीवरच्या टाकीवर किती कबुतरं बसली ते सांगायची. तिची ती आवड. माझी ही. दोघींची मिळून दहा मिनिटं. मी लिहीत होते तेव्हा ती माझ्या डोक्यावरून वाचत होती—तिला कुठल्याही कोपऱ्यातून माझ्या डोक्यावरून वाचता यायचं—आणि मी म्हटलं, ओल्या चादरीचं लिहायचं राहिलं गं, ओळ संपली. तर म्हणाली, "राहू दे की. कोण वाचतंय?"

तुम्ही वाचलंत.

सतरा वर्षांत डोक्यावर पंखा मागितला, पिण्याच्या पाण्याचा माठ मागितला, बसायला बाक मागितलं, तेव्हा तुम्हाला अक्षर लागत नव्हतं. एवढी एक ओळ बरोब्बर लागली.

ती डबा न संपवताच मालाच्या दारापाशी गेली. तिथं गाडी लागली होती. गठ्ठे न्यायला एकदा एकला आणि एकदा पाचला येणारी गाडी ताडबाईचा नवराच चालवतो. ती गेल्यावर कामावर परत आला तेव्हा त्याला सगळे बघायला आले होते, नंतर सवय झाली. तो खाली उतरला. शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा झेरॉक्स काढला.

"ताई, एक मिनिट."

"बोला ना, भाऊजी."

"काल ऑफिसात बोलावलं होतं. म्हणाले, फळी कामगारांच्याच आवडीनं लावली, हा बघा कागद. मी म्हटलं, कोणी लिहिलं? म्हणे, नाव नाही. मग तो चष्मेवाला हळूच म्हणतो कसा, तुमच्या मिसेसनीच लिहिलं नसेल कशावरून?" तो कागद उलगडत होता, घड्यांवर फाटू नये म्हणून दोन्ही हातांनी, अगदी घडीवाल्या बाईसारखा. "बावीस वर्षं संसार केला, ताई, पण तिचं अक्षर माझ्या ओळखीचं नाही. लिहायची वेळच कुठं आली आमच्यावर. पायरीवरचं पाऊल सांगा, खोकला सांगा, डोळे मिटून ओळखीन. तुम्ही दोघी समोरासमोर असायचात. तिचं आहे का हे?"

कागद तिच्यासमोर धरलेला. मागं कललेली, निळ्याची काळी झालेली ती ओळ.

"भाऊजी, चष्मा नाही आणला आज."

चष्मा तिच्या कपाळावर होता. त्यानं तो पाहिला. तिनं त्याला पाहताना पाहिलं. वारा दोघांच्या मधून गेला आणि कागद फडफडला.

"बरं," तो म्हणाला. त्यानं घड्या परत घातल्या, आधीच्याच घडीवर. "पाचला येतो तेव्हा बघा. तिनंच लिहिलं असेल तर तसं सांगा, ताई. मग मी कोणावर चिडायचं नाही. घरातल्या घरात राहील."

घरातल्या घरात! म्हणजे आता ती स्वतःच्या आवडीनं मेली, असं हा माणूस जन्मभर मनाशी म्हणत राहणार. गप्प बसायला काहीच लागत नाही. नुसती मान हलवायची. ताडबाई काही वरून डोकावून म्हणणार नाही, बारके, अक्षर तुझं आहे.

अडीच वाजले. रोलर सुरूच होता. चादर आली, ताणली, झटकली. आवडती गोष्ट: सकाळची पहिली चादर, अंग भाजत नाही, ऊब लागते तेवढीच. चादर आली. आवडती गोष्ट: हॉटेलच्या उशीच्या अभ्र्यात कधी सापडणारं बटण, कोणाचं कोण जाणे, बरणीत टाकायचं. आवडती गोष्ट: कोपऱ्याला कोपरा लागताना ताडबाईचं थंडगार बोट, एवढ्या उष्म्यात तिची बोटं थंड कशी, आम्ही हसायचो... त्या दिवशीही थंडच होती. गरम हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्टचा पंखा बंद पडून आठवा दिवस, फळी घट्ट, खोलीला श्वास नव्हता. ती म्हणाली, "किती वाजले गं? कबुतरं आली असतील." आणि पुढच्या चादरीला तिच्या बाजूचे दोन्ही कोपरे सुटले. धुतलेली चादर जमिनीला लागली की परत धुवायला जाते, बोलणी बसतात, म्हणून मी आधी काय केलं—चादर ओढली. माझ्याकडे ओढली आणि ओरडले, "धर की गं!"

हे शेवटचं. सतरा वर्षांत दिवसाला चारशे वेळा जिच्याकडे चालत गेले, ती कोसळली त्या वेळी मी चादर बघत होते.

"तीन वाजले," नवी म्हणाली. "ऊन येतंय. काहीतरी टाकू का खिडकीवर?"

"नको!"

नवी दचकली. मग तिनं हिच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता टेबलाची ती बाजू घेतली, जिथं ऊन डोळ्यांत येतं. उन्हाळा सरत आल्यामुळं ऊनही आता तितकं तिखट राहिलं नव्हतं. टेबलाच्या कडेवर येऊन ते मऊ पडलं होतं आणि त्यात कापसाचे बारीक तंतू तरंगत होते. सुंदर दिसत होतं. ते सुंदर दिसतंय हे तिनं या वेळी थुंकून टाकलं नाही. थोडा वेळ तसंच आत राहू दिलं, आणि ते दुखलं, आणि तरी राहू दिलं.

पाचाला दहा कमी असताना तिनं टेबलावर कागद ठेवला आणि निळी पेन्सिल घेतली. डाव्या हातानं लिहावं, उभं लिहावं, नवीला लिहायला सांगावं—हे सगळं दुपारभर सुचून झालं होतं. पेन्सिल उजव्या हातात होती. अक्षर आपोआप मागं कललं.

पहिल्या ओळीत तिनं लिहिलं, ओली चादर. गेल्या वर्षी राहिलेली. दुसऱ्या ओळीत, तिची थंड बोटं. तिसऱ्या ओळीशी हात थांबला, दाबून धरलेल्या टोकानं कागदाला भोक पडलं, चौकटीतल्यासारखं. खाली गाडी मागं घेतल्याचा पीं पीं आवाज आला. चष्मा तिनं कपाळावरून डोळ्यांवर ओढला. नाव लिहू नये, असं छापलं होतं त्याच्यावरच तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं.

मग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या ओळीवरून सरळ पुढं, हसऱ्या सूर्याला वळसा घालून, कागदाच्या कडेपर्यंत—

गेल्या वर्षीची खिडकीची ओळ माझी. तिची नव्हे. माझी आवड मी लिहिली, ती मला फेडायची आहे, आणि ती जिन्याखालच्या पेटीपाशी नाही, गाडीपाशी तिच्या नवऱ्यासमोर कशी फेडायची ते माझं मी बघेन. पण मी फक्त बरं वाटतं असं लिहिलं होतं. फळी लावा असं लिहिलं नव्हतं. एक्झॉस्टचा पंखा आठ दिवस बंदच राहू द्या असं लिहिलं नव्हतं. ते कोणीतरी दुसऱ्यानं, दुसऱ्या कागदावर, सही करून लिहिलंय. माझं अक्षर हे असं आहे, गावभर झेरॉक्स काढा. आता तुमचं दाखवा. कोणाचं आहे ते?