अठ्ठ्याण्णवच्या सापाचं तोंड

मी एक जुना सापशिडीचा पट आहे, आणि मित्रांनो, या घरात सगळ्यांत जास्त बिअर मीच प्यायलो आहे. आवडीने नव्हे, अंगावर सांडली म्हणून.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरच्या हातून माझा जन्म झाला. पाटीतून उरलेला प्लायवूडचा तुकडा त्यांनी घासून गुळगुळीत केला, त्यावर घरं आखली आणि लेकीच्या वाढदिवसाला मला तिच्यापुढे ठेवलं. अठ्ठ्याण्णवच्या घरातला हिरवा साप म्हणजे माझी शान. शेजारची मुलं त्याच्यावर बोट ठेवायलाही घाबरत. फक्त वॉर्निश राहिलं. "उद्या मारतो," असं पेंटर म्हणाले, आणि तो उद्या काही उजाडला नाही.

खेळात पेंटर मुलखाचे हट्टी. एवढ्याशा पोरीशीही हरायला तयार नसत. जिंकले की टाळी वाजवून विचारत, "पाजलं की नाही पाणी?" लेक रुसायची आणि पुन्हा डाव मांडायची.

लेक मोठी झाली, नोकरीला लागली. एकदा बाबा बाहेरगावी गेलेले पाहून तिने मैत्रिणींना बोलावलं आणि मला माळ्यावरून काढलं. मला कोण आनंद झाला! पण नियम नवे होते. सापाने गिळलं की बिअरचा घोट घ्यायचा, शिडी मिळाली की दुसरीला पाजायचा, आणि अठ्ठ्याण्णववर अख्खा पेला रिकामा करायचा. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. खोटं कशाला बोलू, मजा मलाही आली. शेवटी एकीचा पेला कलंडला, तो नेमका हिरव्या सापावर. पुसायला गेल्या, तर फडक्याबरोबर सापाचं तोंडच निघून आलं.

लेकीने मला गुपचूप कपाटामागे सरकवलं. तिथे मी वर्षानुवर्षं धूळ खात पडलो. फार वाईट वाटायचं.

मग पेंटरना मुतखडा झाला. भरपूर पाणी प्या, खडा पडला तर ठीक, नाहीतर ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलं. पण पाणी म्हटलं की यांच्या कपाळाला आठ्या. "चहात काय असतं मग? पाणीच ना?" लेक विनवून थकली, आणि तिला मी आठवलो.

"बाबा, एक डाव होऊन जाऊ दे. हिरव्या सापाने गिळलं की पेलाभर पाणी प्यायचं."

"म्हणजे तूच पिणार," ते हसले. मग चष्मा नीट करून वाकले. "अगं, याचं तोंड कुठे गेलं?"

"बिअरने धुतलं. तुम्ही गावाला गेला होतात तेव्हा," ती खाली मान घालून म्हणाली.

आता भडका उडणार, असं मला वाटलं. पण पेंटर चक्क खूश! "तोंडच नाही, तर गिळणार कसा?" असं म्हणून अठ्ठ्याण्णववरून ते दर वेळी आरामात पुढे जाऊ लागले.

"मग रंगवा ना तोंड."

"हात थरथरतो गं आता."

पाण्याचा जग तसाच भरलेला राहायचा. आणि एका दुपारी कळ आली. पेंटर घामाने चिंब होऊन जमिनीवर गडबडा लोळले. लेकीने त्यांना दवाखान्यात नेलं. खडा पडायला डॉक्टरांनी शेवटची थोडी मुदत दिली. घरी आल्यावर तिने डावही मांडला नाही. स्वयंपाकघरात जाऊन ती रडत बसली.

पेंटरनी तिचे हुंदके ऐकले. ते उठले आणि त्यांनी हिरव्या रंगाचा डबा उघडला. हात खरंच थरथरत होता. त्यामुळे सापाचा ओठ वेडावाकडा झाला, आणि तेव्हापासून तो हसल्यासारखा दिसतो. पण जबडा त्यांनी एवढा मोठा काढला, की सत्त्याण्णव आणि नव्याण्णवही त्यात गेले! रंग वाळल्यावर वर्षानुवर्षं राहिलेलं वॉर्निशही मारलं.

"ये गं, मांड डाव," त्यांनी हाक मारली. "आता कुठे पळणार मी?"

खडा पडला, मित्रांनो. ऑपरेशन टळलं. डाव मात्र रोज होतो.

तुमच्याही कपाटामागे माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला बाहेर काढा, त्याची धूळ झटका. आणि तुम्ही काहीही प्या, पेला तेवढा बाजूला ठेवा. सगळ्यांनाच वॉर्निश मारलेलं नसतं.

कालच हिरव्या सापाने पेंटरना पुन्हा गिळलं. त्यांनी मुकाट्याने पेला रिकामा केला. लेकीने जोरात टाळी वाजवली.

"पाजलं की नाही पाणी, बाबा?"